मावशीच्या नळाला येणारा ‘थोडा’ करंट

डिसेंबरात निफाडचा पारा पाच-सहा अंशांवर घसरला की नाशिककर गिझरचं बटण बंद करायला विसरतात. अशाच एका सकाळी मी पंचवटीत मावशीकडे अंघोळीला गेलो होतो, कारण आमच्या सोसायटीची पाण्याची मोटर जळाली होती. टॉवेल हातात देता देता मावशी म्हणाली, "नळ सोडताना पायातली स्लीपर काढू नकोस हं. थोडा करंट येतो."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून असेल. फार नाही रे, नुसत्या मुंग्या येतात हाताला. तुझे काका तर म्हणतात, सांधेदुखीला बरं."

त्या दिवशी अंघोळ राहिली. अंबडच्या एका कारखान्यात एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप पडणारी बटणं, तपासण्यात माझी बरीच वर्षं गेली, म्हणून घरच्यांना वाटतं की मला विजेतलं सगळं कळतं. तसं काही नाही. टेबलावर एमसीबी तपासणं वेगळं आणि तीस वर्षांच्या भिंतीतली वायर उकलणं वेगळं. पण ‘थोडा करंट’ हे शब्द ऐकून पोटात गोळा आला. गिझर चालू असताना नळाला टेस्टर लावला, तर मिणमिणता का होईना, पेटला. गिझर बंद केला, पिन काढून ठेवली, वायरमनला फोन केला आणि मावशीला सांगितलं, तो येईपर्यंत पाणी गॅसवर तापवायचं.

"एवढं काय त्यात," ती म्हणाली. तिच्या या प्रश्नाचं उत्तर थोडं लांबलचक आहे.

थोडा म्हणजे किती

आपल्या घरात वीज येते ती २३० व्होल्टची. पण शॉक कितीचा, हे शरीरातून वाहणाऱ्या करंटवर ठरतं, आणि तो मोजतात मिलिअँपिअरमध्ये, म्हणजे अँपिअरच्या हजाराव्या भागात. एक मिलिअँपिअरच्या आसपास मुंग्या जाणवतात. दहाच्या आसपास हाताचे स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सुटत नाही. ‘माणूस चिकटला’ म्हणतात ते हेच. तीसच्या पुढे श्वास आणि हृदय दोन्ही धोक्यात येतात. पन्नास ते शंभर मिलिअँपिअर छातीतून सेकंदभर गेले, तर हृदय ठोके द्यायचं सोडून नुसतं थरथरत राहू शकतं आणि रक्त पुढे ढकलणं थांबतं.

आता मावशीच्याच बाथरूममधला ९ वॅटचा एलईडी बल्ब घ्या. तो साधारण ४० मिलिअँपिअर ओढतो. घरातला सगळ्यात गरीब दिवा पेटायला जेवढी वीज लागते, तेवढी माणूस जायला पुरते.

मग मावशी दीड महिना मुंग्यांवर कशी सुटली? कोरडी कातडी विजेला चांगला विरोध करते. समजा तो ५०,००० ओहम आहे. मग २३० व्होल्टला पाच मिलिअँपिअरसुद्धा वाहत नाहीत. अंग ओलं झालं की हाच विरोध हजार ओहमपर्यंत खाली येतो, आणि त्याच २३० व्होल्टला आकडा होतो २३० मिलिअँपिअर. नळाला पूर्ण २३० व्होल्ट येत नव्हते आणि पायात रबराची स्लीपर होती, एवढाच तिचा बचाव. स्लीपरच्या आत पाणी गेलं असतं किंवा दुसरा हात ओल्या भिंतीला टेकला असता, तर गणित बदललं असतं. शिवाय गिझरमधली गळती रोज तेवढीच राहत नाही, भेग वाढत जाते. त्यामुळे नळ, फ्रिजचं हँडल, वॉशिंग मशीनचा पत्रा, कुलरची टाकी, मिक्सर, यातल्या कशालाही हात लावून मुंग्या आल्या की ती वस्तू त्या क्षणी बंद करायची. वायरमन बोलवायचं यापेक्षा स्पष्ट कारण नाही.

टेस्टरबद्दलही सांगून ठेवतो, कारण प्रत्येक घरात तो असतो आणि प्रत्येकाचा त्याच्यावर नको तेवढा विश्वास असतो. टेस्टर पेटला तर वीज आहे, हे खरं. पण पेटला नाही म्हणजे वीज नाही, असं नसतं. आतला निऑन गेलेला असू शकतो, तुम्ही जाड रबरी चप्पल घालून लाकडी स्टुलावर उभे असू शकता, किंवा भर उन्हात तो लाल ठिपका दिसतच नाही. आधी चालू सॉकेटमध्ये लावून तो पेटतो का बघायचं, मग हव्या त्या जागी लावायचा. आणि किती वीज आहे, हे तो सांगत नाही.

हिरवी वायर

वायरमन दुपारी आला. सातपूरच्या आयटीआयमधून वीजतंत्रीचा कोर्स केलेला, आमच्या ओळखीतला. त्यानं गिझरला हात लावण्याआधी पिन उघडली. तीन पिनांपैकी वरच्या जाड पिनेला वायरच नव्हती. हिरवी वायर कापून, मागे दुमडून, तिच्यावर काळी टेप गुंडाळून ठेवली होती. कुणी केलं, केव्हा केलं, कुणाला आठवेना. वायरमन काही बोलला नाही, उघडी पिन तेवढी मावशीच्या हातात दिली.

ती जाड पिन अर्थिंगची, म्हणजे गळणारी वीज जमिनीत नेणाऱ्या वायरची. इतर दोन पिनांपेक्षा ती मुद्दाम लांब ठेवलेली असते, म्हणजे पिन घालताना आधी अर्थिंग जोडलं जातं आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटतं. शटर असलेल्या सॉकेटमध्ये बाकीच्या दोन भोकांची झाकणंही तीच उघडते. आणि आपण काय करतो? मोबाइलच्या चार्जरसाठी वरच्या भोकात पेन्सिल घालून शटर उघडतो. तीन पिनेची इस्त्री दोन पिनेच्या बोर्डात बसावी म्हणून बाजारातून अडॅप्टर आणतो. ज्याला हा तिसरा धागा नकोसा वाटतो, त्यानं गिझरच्या आत काय असतं ते एकदा बघावं. पाणी तापवणारी जी वाकडी नळी दिसते, तिच्या मधोमध तापणारी तार असते, आणि ती तार व बाहेरची धातूची नळी यांच्यामध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची पांढरी पूड ठासून भरलेली असते. बोअरच्या जड पाण्यानं नळीवर क्षार बसतात, नळी जास्त तापते आणि कधीतरी तडकते. मग पूड ओलावा पिते, आणि वीज तारेतून नळीत, नळीतून टाकीत, टाकीतून पाण्यात उतरते. हिरवी वायर जागेवर असेल, तर ही गळती तिच्या वाटेनं जमिनीत जाते. नसेल, तर नळाला हात लावणाऱ्याच्या वाटेनं.

हिरवी वायर बोर्डापर्यंत आहे, म्हणजे अर्थिंग आहे असंही समजू नका. बोर्डातून ती मेनच्या पेटीत, तिथून इमारतीच्या मागे पुरलेल्या पाइपला किंवा पत्र्याला जायला हवी. नाशिकच्या जमिनीचा इथे त्रास आहे. वर काळी माती किंवा मुरूम आणि खाली लगेच कातळ. ज्यांनी विहीर खणली त्यांना विचारा. कातळात वीज सहज शिरत नाही. म्हणून खड्ड्यात पाइपभोवती कोळसा आणि मीठ भरतात, आणि एप्रिल-मेमध्ये त्यात पाणी ओतावं लागतं. किती सोसायट्यांत कुणी ओततं? आमच्याकडे तर त्या खड्ड्यावर पेव्हर ब्लॉक बसवून स्कूटरचं पार्किंग झालं होतं. जुन्या नाशकातल्या वाड्यांत याहून वाईट स्थिती असते. लाकडी पट्टीवरच्या वायरिंगमध्ये दोनच वायरी, तिसरी नाहीच. कुठे कुठे हिरवी वायर चक्क पाण्याच्या लोखंडी नळाला बांधलेली. नळ लोखंडी होते तोवर ते कसंबसं चाललं. मध्येच प्लॅस्टिकचा पाइप आला की अर्थिंग तिथेच संपतं, आणि वरच्या मजल्यावरचा करंट खालच्या मजल्याच्या नळाला येतो.

अर्थिंग चांगलं आहे की नाही, हे मोजायला अर्थ टेस्टर नावाचं यंत्र असतं. फेज, म्हणजे घरात वीज आणणारी जिवंत वायर, आणि अर्थिंग यांच्यामध्ये बल्ब लावून तो पेटला की "मस्त अर्थिंग आहे" म्हणणारे वायरमन भेटतात. एवढासा बल्ब मोडक्या अर्थिंगवरही पेटतो.

पेटीतली दोन बटणं

मावशीनं एक रास्त प्रश्न विचारला. "अरे, पण घरात ते एमसीबी बसवलेत ना? मग ते पडलं का नाही?"

कारखान्यात नव्यानं आलेल्या पोरांना मी हेच पहिल्यांदा सांगतो: एमसीबी माणसासाठी नसतो, वायरसाठी असतो. सोळा अँपिअरचा एमसीबी म्हणजे सोळा अँपिअरच्या वर करंट गेला तर वायर तापून जळू नये म्हणून बसवलेला पहारेकरी. शॉर्ट सर्किट झालं, दीड-दोनशे अँपिअर उसळले, तर तो डोळ्याचं पातं लवायच्या आत पडतो. पण माणूस मारायला तीस-चाळीस मिलिअँपिअर पुरतात. सोळा अँपिअर म्हणजे सोळा हजार मिलिअँपिअर. एमसीबीला तुमचा शॉक दिसतच नाही.

आता जरा आकडेमोड करू, कारण ही गोष्ट बऱ्याच वायरमननाही माहीत नसते. समजा गिझरमधली तार थेट टाकीला चिकटली आणि अर्थिंग जोडलेलं आहे. तुमच्या खड्ड्याचा विरोध ८ ओहम, तिकडे ट्रान्सफॉर्मरच्या खड्ड्याचा २ ओहम, मिळून १०. करंट वाहील २३० भागिले १०, म्हणजे २३ अँपिअर. सोळाच्या एमसीबीवर हा बोजा दीडपटीपेक्षा थोडा कमीच झाला. मानकाप्रमाणे १.४५ पट बोजा आला तर एमसीबीनं एका तासाच्या आत पडायचं असतं. एक तास! आणि तोवर गिझरच्या पत्र्यावर २३ गुणिले ८, म्हणजे १८४ व्होल्ट बसून राहणार. अर्थिंग आहे, एमसीबी आहे, दोन्ही आपापलं काम नेमानं करतायत, आणि तरी तुमचा हात १८४ व्होल्टवर आहे.

ही फट भरून काढतो आरसीसीबी. जुने लोक त्याला ईएलसीबी म्हणतात. त्याचं काम वाण्याच्या जमाखर्चासारखं. फेजमधून घरात जेवढा करंट गेला, तेवढाच न्यूट्रलमधून परत यायला हवा. दोन्ही वायरी एका कड्यातून गेलेल्या असतात. जावक आणि आवक जुळली की कडं गप्प. तीस मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे तेवढी वीज कुठेतरी भलतीकडे, पत्र्यात, पाण्यात किंवा माणसात चाललीय, असं समजून तो घराची वीज तोडतो. मानकाप्रमाणे जास्तीत जास्त ०.३ सेकंदात, गळती मोठी असेल तर ०.०४ सेकंदात. वरच्या उदाहरणात २३ अँपिअर म्हणजे त्याच्यासाठी दरोडाच. घरासाठी ३० मिलिअँपिअरचाच घ्यायचा. १०० आणि ३०० चेही मिळतात, पण ते आग टाळण्यासाठी असतात, माणसासाठी नाहीत. इन्व्हर्टर एसी, नवी वॉशिंग मशीन अशा इलेक्ट्रॉनिक वस्तू घरात असतील, तर दुकानात ‘ए टाइप’ मागा.

आरसीसीबीलाही सगळं कळत नाही. एका हातानं फेज आणि दुसऱ्या हातानं न्यूट्रल धरलात, तर जमाखर्च जुळतो आणि तो गप्प बसतो. वायरवर जास्त लोड आला तरी त्याला कळत नाही, ते एमसीबीचं काम. म्हणून पेटीत दोघंही लागतात. त्याच्यावर ‘टी’ लिहिलेलं छोटं बटण असतं. महिन्यातून एकदा वीज चालू असताना ते दाबायचं. खट्‌कन पडला तर ठीक, नाही पडला तर तो बदलायचा. हे बटण आरसीसीबी तपासतं, अर्थिंग तपासत नाही.

हातानं ओढून काढायचे जुने चिनी मातीचे किटकॅट फ्यूज अजून असतील, तर त्यात फ्यूजची ठरलेली तार आहे की वायरीतले चार धागे पिळून घातलेत, ते वायरमनला बघायला सांगा. बहुतेक ठिकाणी धागेच निघतात. एमसीबीच्या बाबतीत याच पापाचं नवं रूप म्हणजे "सोळाचा सारखा पडतो, बत्तीसचा टाकून देतो". भिंतीतली वायर तीच, पहारेकरी मात्र दुप्पट आळशी.

स्क्रूत लपलेला सोल्डरिंग आयर्न

शॉकची भीती सगळ्यांना असते. घरातल्या आगी मात्र बऱ्याचदा अगदी साध्या गोष्टीतून लागतात: सैल झालेला स्क्रू.

सॉकेटच्या मागे वायर ज्या स्क्रूखाली दाबलेली असते, तो वर्षानुवर्षं तापून-निवून ढिला होतो. समजा तिथे अर्धा ओहम विरोध तयार झाला. २,००० वॅटचा गिझर ओढतो ८.७ अँपिअर. उष्णता निघते करंटचा वर्ग गुणिले विरोध, म्हणजे जवळपास ३८ वॅट. रेडिओ दुरुस्तीवाल्याच्या हातात असतो तो सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचा असतो. त्याहून तापट वस्तू तुमच्या बोर्डाच्या आत, प्लॅस्टिकला चिकटून, रोज सकाळी अर्धा तास चालू. एमसीबी पडणार नाही, कारण करंट ८.७ च आहे. आरसीसीबी पडणार नाही, कारण गळती नाही. इथे पहारेकरी फक्त तुमचं नाक. तापलेल्या सॉकेटचा वास जळक्या रबरासारखा असतो, कधी चक्क मासळीसारखा. शाकाहारी घरात बोर्डाजवळ मासळीचा वास आला तर शेजाऱ्यांवर संशय घेण्याआधी मेन बंद करा.

पिन काढल्यावर तिला हात लावून पाहा. कोमट असेल तर एकवेळ ठीक, चटका बसत असेल तर सॉकेट बदलायला झालं. सॉकेटच्या भोकाभोवती तपकिरी डाग, बटण दाबताना चरचर, गिझर लावला की दिव्याचं मिचमिचणं, ही सगळी त्याचीच लक्षणं. आणि सहा अँपिअरच्या एक्स्टेंशन बोर्डावर पाणी तापवायचा रॉड लावू नका. १,५०० वॅटचा रॉड एकटाच साडेसहा अँपिअर खातो. रॉड बादलीत असताना पाण्यात बोट घालून "तापलं का" बघणाऱ्यांना काय सांगावं, मला कळत नाही.

कुठवर आपण, कुठून वायरमन

याला नियमही आहे, आणि तो बराच समंजस आहे. १९५६ च्या भारतीय वीज नियमांपासून केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या सुरक्षा नियमांपर्यंत तो चालत आलाय. बल्ब, पंखा, फ्यूज, बटण किंवा घरगुती उपकरण काढून तशाच क्षमतेचं दुसरं लावणं सोडलं, तर वायरिंगमधली नवी भर, फेरफार, दुरुस्ती हे सगळं परवानाधारक ठेकेदारामार्फत आणि परवाना असलेल्या माणसाकडूनच व्हायला हवं. बल्ब तुमचा. बाथरूममध्ये गिझरसाठी नवा पॉइंट काढणं तुमचं नाही. एसी घेतलात तर त्याच्यासाठी मेनपासून वेगळी चार स्क्वेअर एमएमची वायर आणि वेगळा एमसीबी लागतो. शेजारच्या बोर्डातून वायर ओढून देतो म्हणणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा.

बटण बदलणं कायद्यानं तुम्हाला जमत असलं तरी मी स्वतः ते करत नाही, आणि त्याचं कारण घरातला इन्व्हर्टर. मेन बंद केला की घर मेलं, असं आपण समजतो. इन्व्हर्टर मात्र ‘लाईट गेली’ असं समजून बॅटरीवरून अर्धं घर २३० व्होल्टनं लगेच जिवंत करतो. मेन खाली, आणि स्क्रू ड्रायव्हर जिवंत फेजवर! बोर्ड उघडण्याआधी इन्व्हर्टरही त्याच्या बटणावर बंद करावा लागतो. गच्चीवर सोलर असेल, तर ग्रिड गेल्यावर त्याचा इन्व्हर्टर घरात वीज देणं थांबवतो, पण पॅनेलपासून इन्व्हर्टरपर्यंतच्या वायरी ऊन आहे तोवर जिवंतच असतात. तिकडे हातच नको.

वायरमन म्हणजे कोण, हा घोळही मिटवू. राज्याच्या अनुज्ञापक मंडळाकडून मिळतो तो तारतंत्री परवाना. त्याच्या वर पर्यवेक्षक आणि विद्युत ठेकेदार. नवं कनेक्शन घेताना वायरिंग तपासल्याचा जो टेस्ट रिपोर्ट लागतो, तो परवानाधारक ठेकेदाराच्या सहीचा असतो. कोपऱ्यावरच्या दुकानात बसलेल्या मुलाकडे परवाना नसेल, पण तो ज्याच्या हाताखाली काम करतो त्याच्याकडे आहे का, हे विचारायला लाजू नका. माझी स्वतःची परीक्षा सोपी आहे. काम झाल्यावर मेगरनं, म्हणजे वायरीवरचं आवरण कुठे गळतंय का ते मोजणाऱ्या यंत्रानं, वायरिंग तपासून दाखवशील का, असं विचारायचं. जो "काय गरज आहे, चालतंय ना" म्हणतो, त्याला पुन्हा बोलवत नाही. जो बॅग उघडतो, त्याचा नंबर जपून ठेवतो.

मीटरपर्यंतचा भाग मात्र त्याचाही नाही, महावितरणचा. खांबावरून येणारी सर्व्हिस वायर, मीटर, मीटरचं सील, यात काही बिघडलं तर १९१२ वर फोन. विशेषतः एक लक्षण ओळखून ठेवा: काही दिवे एकदम झगझगीत आणि काही मंद. हे न्यूट्रल तुटल्याचं लक्षण आहे. अशा वेळी काही घरांना २३० च्या जागी ४०० व्होल्टच्या जवळपास मिळू लागतात, आणि टीव्ही-फ्रिज एका रांगेत जातात. "जरा वेळ बघू, होईल नीट" असं म्हणत बसू नका. मेन खाली करा, शेजाऱ्यांनाही सांगा, मग १९१२.

ओल

गोदावरीला पूर आला आणि पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गळ्याशी पाणी आलं की सराफ बाजारापासून घाटापर्यंत दुकानं-घरं पाण्यात जातात. २०१९ च्या ऑगस्टमध्येही गेली होती. पाणी चढायच्या आधी मेन बंद करायचा. पाणी चढलं असेल तर त्या पाण्यात उतरून मेन बंद करायला जायचं नाही. महावितरणला खांबावरून बंद करायला सांगायचं. उतरल्यावर बोर्ड वरून कोरडे दिसतात, पण आतल्या पाइपांत गाळ असतो. मेगर केल्याशिवाय वीज चालू करू नका. पाण्यात बुडालेले एमसीबी आणि आरसीसीबी वाळवून वापरायचे नसतात, फेकायचे असतात. मीच तपासलेले असले तरी.

गावाकडे आणि वस्त्यांत याहून भयंकर गोष्ट म्हणजे कपडे वाळत घालायची लोखंडी तार. तिचं एक टोक विजेच्या खांबाला, दुसरं पत्र्याच्या शेडला. सर्व्हिस वायरचं रबर घासून उघडं पडतं, शेड जिवंत होते, आणि ओले कपडे घेऊन बाई तारेपाशी जाते. बातमी दर पावसाळ्यात येते. नायलॉनची दोरी वापरा. कुलरच्या टाकीत पाणी भरताना पिन काढा, बटण बंद करणं पुरत नाही.

कुणी चिकटलंच तर त्याला हात लावायचा नाही. मेन बंद करायचा. ते जमलं नाही तर कोरड्या लाकडानं किंवा प्लॅस्टिकच्या खुर्चीनं त्याला दूर ढकलायचं. रस्त्यावर पडलेल्या तारेजवळ तर जायचंच नाही, जमिनीतूनही करंट लागतो. सुटल्यावर श्वास चालत नसेल तर १०८ ला फोन लावून, स्पीकरवर ठेवून, छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० वेळा पाच सेंटिमीटर खोल दाब देत राहायचं. माती अंगाला चोळणं, पाणी पाजणं यात गेलेली मिनिटं परत मिळत नाहीत.

मावशीकडे गिझरची नळी बदलली, पिन बदलली, मागचा खड्डा शोधून त्यात पाणी ओतलं, आणि पेटीत आरसीसीबी बसला. सहा महिने सगळं शांत होतं. मग जूनच्या पहिल्या पावसात रात्री साडेनऊला फोन.

"तू बसवलेलं ते पडलंय. वर केलं की परत पडतं. काका म्हणतायत, डायरेक्ट करून घेऊ."

फोनवरच सांगितलं: सगळे एमसीबी खाली कर, मग आरसीसीबी वर कर, मग एकेक एमसीबी वर घेत जा. तिसऱ्याला खट्. बाल्कनीचा. सकाळी वायरमन गेला, तर दिवाळीत आकाशकंदिलासाठी ओढलेली वायर अजून कठड्याला तशीच लोंबत होती. तोंडाची टेप सुटलेली, आणि त्यातून थेंब थेंब पाणी गळतंय. खाली कठड्याचा लोखंडी बार, ज्याला धरून मावशी रोज तुळशीला पाणी घालायची.

काकांनी डायरेक्टचा विषय पुन्हा काढला नाही. आता महिन्यातून एकदा ‘टी’चं बटण दाबायला तिनं संकष्टी धरलीय, म्हणजे विसरायला होत नाही. परवाही तिचा फोन आला.

"दाबलं. पडलं. परत वर केलं. आता जरा तुझ्या मोबाइलवर बघून सांग, चंद्रोदय किती वाजता आहे?"